ही मुद्रा कोणाची?

वसईतील जुन्या घरांत पेटाऱ्याच्या तळाशी, फडक्यात गुंडाळून ठेवलेली पाच-सात नाणी बहुधा सापडतात. त्यांत एखादा राणीछाप रुपया असतो, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला भोकाचा पैसा असतो, झिजून गुळगुळीत झालेली शिवराई असते आणि क्वचित, अस्पष्ट क्रूस मिरवणारे एखादे पोर्तुगीज नाणेही असते. राणीछाप रुपयातली चांदी सोडली, तर आज या नाण्यांवर दुकानात काही मिळणार नाही. तरीही ती कोणी टाकून देत नाही. आजोबांनी ठेवली म्हणून वडिलांनी ठेवली, वडिलांनी ठेवली म्हणून मुलाने ठेवली. का ठेवली असे विचारले, तर 'असू दे' एवढेच उत्तर मिळते. या 'असू दे'मध्ये मानवी मनाची एक फार जुनी प्रवृत्ती दडलेली आहे. तिचा मागोवा घ्यावा आणि आपल्या वसई-सोपाऱ्याच्या इतिहासाशी तिचे काय नाते आहे ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

नाणे घडवले जाते ते फिरण्यासाठी. एका हातातून दुसऱ्या हातात जाणे हा त्याचा धर्म. जो त्याला थांबवतो, तो एका अर्थी त्या धर्माविरुद्ध वागतो. परंतु थांबवणाऱ्यांचेही प्रकार आहेत. इंग्रजी अमदानीतील रुपया वजनाने एक तोळ्याचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा होता आणि त्यातील बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. १९४० साली सरकारने चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणले. साहजिकच लोकांनी जुने रुपये घरात ठेवले आणि नवे बाजारात खपवले. चांगले नाणे घरात राहते आणि हिणकस नाणे फिरत राहते, हा अर्थशास्त्रातील जुना नियम होय. अशा रीतीने घराघरांत राणीछाप रुपये साठले. परंतु हा साठा झाला, संग्रह नव्हे. साठा करणाऱ्याला एक रुपया दुसऱ्यासारखाच दिसतो. संग्राहकाला मात्र कोणतीही दोन नाणी सारखी दिसत नाहीत. तो साल पाहतो, टाकसाळीचे चिन्ह पाहतो, राणीच्या मुकुटाची घडण न्याहाळतो. साठवणाऱ्याचे लक्ष धातूकडे, संग्राहकाचे लक्ष ठशाकडे, असा हा भेद आहे.

नाणे थांबवण्याची आणखी एक रीत आपल्या मराठी स्त्रियांनी दाखवून दिली. पुतळ्यांच्या माळेतील 'पुतळी' ही मुळात व्हेनिसच्या प्रजासत्ताकाची सोन्याची मोहोर, असे मानले जाते. १२८४ साली ती प्रथम पडली आणि १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक लयाला जाईपर्यंत तिचा घाट जवळजवळ तसाच राहिला. एका बाजूस संत मार्क गुडघे टेकलेल्या राज्यप्रमुखाच्या हाती ध्वज देत आहे आणि दुसऱ्या बाजूस ताऱ्यांनी वेढलेल्या अंडाकृती प्रभावळीत प्रभू ख्रिस्त उभा आहे. व्यापाराच्या ओघात ही मोहोर पश्चिम किनाऱ्यावर आली. येथील डोळ्यांना तीवर मानवी आकृत्या दिसल्या, म्हणून ती 'पुतळी' झाली. पुढे सोनारांनी तशाच पुतळ्या येथे घडवल्या. मूळ लेख वाचता येत नसतानाही ती प्रतिमा पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात रुळत राहिली. नाण्यावरील चित्राने माणूस मोहून जातो आणि त्याला ते खर्च करवत नाही, ही संग्राहकवृत्तीची पहिली पायरी म्हणावी लागेल.

हा छंद आजचा नाही. रोमन सम्राट ऑगस्टस सणासुदीला आपल्या स्नेह्यांना जुनी आणि परदेशी नाणी भेट देत असे, अशी नोंद त्याच्या चरित्रकाराने केली आहे. इटालियन कवी पेट्रार्क रोमन नाणी जमवीत असे. १३५४ मध्ये सम्राट चौथा चार्ल्स याची भेट झाली, तेव्हा त्याने आपल्या संग्रहातील प्राचीन सम्राटांची काही नाणी त्याला नजर केली आणि या थोर पुरुषांच्या मार्गाने आपण जावे, असे सुचवले. पंधराव्या शतकातील पोप दुसरे पॉल हे तर नाणी आणि कोरीव रत्ने यांचे नामांकित संग्राहक होते. पेट्रार्कची गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण त्याने नाणे दिले ते किमतीसाठी नव्हे, तर स्मरणासाठी. हाती धरलेला तो लहानसा चेहरा हजार-दीड हजार वर्षांचे अंतर पुसून टाकतो, हा अनुभव त्याला आला होता.

मानसशास्त्रज्ञांनी या वृत्तीचा विचार केला आहे. विल्यम जेम्स या अमेरिकन विचारवंताने १८९० साली असे दाखवून दिले, की 'मी' आणि 'माझे' यांमधील सीमारेषा फार पुसट असते. माणसाची वस्तू हरवली की त्याला स्वतःचाच एक अंश गेल्यासारखे वाटते. वेर्नर म्युन्स्टरबर्गर या मनोविश्लेषकाने १९९४ मध्ये संग्राहकांच्या मनावर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या मते लहान मूल एकटे पडल्यावर एखादी आवडती वस्तू छातीशी धरते, तीच धीर मिळवण्याची रीत प्रौढपणी संग्रहाचे रूप घेते. नवी वस्तू मिळाली की मन शांत होते; पण ती शांती टिकत नाही, म्हणून पुढच्या वस्तूचा शोध सुरू होतो. संग्राहक कधी तृप्त का होत नाही, याचे हे एक उत्तर आहे.

परंतु या उत्तरापेक्षा अधिक खोल उत्तर आपल्याला शुभवर्तमानात मिळते, असे मला वाटते. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील ती स्त्री आठवावी. तिच्याजवळ दहा नाणी आहेत आणि एक हरवते. नऊ शाबूत असतानाही तिचे सारे चित्त त्या एकावर खिळते. ती दिवा लावते, घर झाडते, कानाकोपरा धुंडाळते. संचातील उणीव माणसाला कशी अस्वस्थ करते, याचे इतके नेमके चित्र क्वचितच सापडेल. ज्याने कधी नाणी जमवली आहेत, त्याला वहीतली मोकळी जागा ठाऊक असते. भरलेल्या जागांपेक्षा तीच अधिक डोळ्यांत भरते. मात्र दाखल्याचा शेवट आपण बारकाईने पाहत नाही. नाणे सापडल्यावर ती स्त्री ते पेटीत ठेवून कुलूप लावत नाही. ती मैत्रिणींना आणि शेजारणींना बोलावते. शोधाचा आनंद वाटल्याशिवाय पुरा होत नाही, हे त्या दाखल्याच्या ओघात सांगितलेले सत्य संग्राहकाच्या मनाची खरी कसोटी आहे. त्या कसोटीवर आपल्या भूमीशी निगडित अशा काही संग्राहकांकडे पाहू.

पहिले नाव पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे. १८३९ मध्ये जुनागढ येथे जन्मलेला हा विद्वान १८६१ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या बोलावण्यावरून मुंबईस आला. शिलालेख आणि नाणी यांच्या शोधात त्याने भारतभर पायपीट केली. धनाढ्याचा छंद म्हणून नव्हे, तर विद्येचे साधन म्हणून त्याने नाणी जमवली. एप्रिल १८८२ मध्ये त्याने सोपाऱ्याचा 'बुरूड राजाचा किल्ला' म्हणून ओळखला जाणारा टेकाड उकरला, तेव्हा तो प्राचीन बौद्ध स्तूप असल्याचे सिद्ध झाले. आत दगडी मंजूषा, तीत एकात एक ठेवलेले करंड, भिक्षापात्राचे तुकडे, सोन्याची फुले, आठ बुद्धमूर्ती आणि त्यांच्यासमवेत यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचे एक चांदीचे नाणे होते. ते नाणे जवळजवळ न झिजलेले होते. म्हणजे ते फार हातांतून फिरले नव्हते. टाकसाळीतून निघाल्यावर थोड्याच काळात त्या पवित्र अवशेषांपाशी येऊन थांबले असावे. ठेव इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराची असावी, हे अनुमान त्या एका नाण्याने शक्य झाले. मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातील असल्याचे पुढील अभ्यासकांनी ठरवले; यावरून ती मंजूषा मध्यंतरी पुन्हा उघडली गेली असावी असे दिसते. हेच नाणे जर कोणा गावकऱ्याला नुसते सापडून सराफाकडे गेले असते, तर ते चिमूटभर चांदी ठरले असते. करंडातील जागेसह सापडल्यामुळे ते इतिहासाचा साक्षीदार ठरले.

१८८८ साली पंडितजी निवर्तले. त्यांनी आपली नाणी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला मृत्युपत्राने दिली. सोपाऱ्याचे अवशेष मुख्यत्वे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे राहिले. त्यांची नाणी देशाबाहेर गेली याचे आज आपल्याला वाईट वाटते आणि ते स्वाभाविक आहे. परंतु त्या निर्णयामागील मनही ओळखले पाहिजे. आपल्यानंतर या नाण्यांचा अभ्यास कोण करील, हा प्रश्न त्यांनी संग्रहाच्या मालकीपेक्षा मोठा मानला असावा. पश्चिमी क्षत्रपांच्या नाण्यांवरील त्यांचे लेखन त्यांच्या मृत्यूनंतर १८९० मध्ये रॅप्सन या अभ्यासकाने संपादून प्रसिद्ध केले आणि १९०८ मध्ये त्याच रॅप्सनने ब्रिटिश म्युझियममधील सातवाहन व क्षत्रप नाण्यांची बृहत्सूची सिद्ध केली.

या क्षत्रपांचा सोपाऱ्याशी निकटचा संबंध आहे. क्षत्रप नहपानाचा जावई ऋषभदत्त याने शूर्पारक, म्हणजे सोपारा येथे धर्मशाळा बांधल्याचे नाशिकच्या लेण्यांतील लेख सांगतो. त्याच नाशिकजवळ जोगळटेंभी गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड निधी सापडला. नाणी सुमारे १३,२५० होती आणि सगळी नहपानाची. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. जेत्याने जिंकलेल्या राजाच्या मुखावर आपली मुद्रा उमटवावी, याहून स्पष्ट पुरावा तो कोणता? ज्या अज्ञात माणसाने हे धन पुरले, तो परत आला नाही. त्याच्या लेखी ही चांदी होती आणि प्रत्येक नाणे दुसऱ्यासारखेच होते. सुमारे अठराशे वर्षांनी रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी तोच ढीग तपासला. नहपानाचे मुख वेगवेगळ्या नाण्यांवर किती वेगवेगळे दिसते, हे त्यांनी टिपले आणि १९०८ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. साठा आणि संग्रह यांतला जो भेद आरंभी सांगितला, तो येथे मूर्तिमंत दिसतो. पुरणाऱ्याने धन लपवले, पाहणाऱ्याने त्यातून इतिहास उघड केला.

आता आपल्या अधिक जवळचा माणूस. डॉ. जेर्सन द कुन्हा हे १८४४ मध्ये गोव्यातील बार्देशात जन्मलेले, मुंबईत वैद्यकी करणारे कॅथलिक गृहस्थ. वसईच्या इतिहासाचा कोणताही अभ्यासक त्यांच्या ऋणात आहे, कारण चौल आणि वसई यांच्या इतिहास-पुरातत्त्वावरील त्यांचा ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध झाला. किल्ल्यातील पडक्या चर्चमध्ये जाऊन त्यांनी थडग्यांवरचे लेख उतरवून घेतले. दुसऱ्याच वर्षी, १८७७ मध्ये, त्यांनी संस्कृत सह्याद्रिखंडाची संपादित आवृत्ती काढली. एकाच माणसाने पोर्तुगीज थडगी वाचावीत आणि पुराणाची पाठशुद्धीही करावी, हे पाहिले म्हणजे त्यांच्या नाण्यांच्या वेडाचे मर्म उमगू लागते. १८८० च्या दशकात त्यांनी भारतातील पोर्तुगीज नाण्यांवर विस्तृत निबंध लिहिले. आपल्या नाणेसंग्रहाची सूचीही १८८८-८९ च्या सुमारास त्यांनी छापून प्रसिद्ध केली.

गोव्यातील कॅथलिक माणसाच्या वाट्याला दोन वारसे आलेले असतात आणि दोन्हीकडचे लोक त्याला कधी कधी परका समजतात. द कुन्हा यांच्या संग्रहामागे ही वेदना असावी, असा माझा तर्क आहे. संत थोमाची आकृती असलेले गोव्याचे सोन्याचे नाणे घ्यावे. धर्म ख्रिस्ती, राजसत्ता पोर्तुगीज, घडण येथली आणि संत तर परंपरेप्रमाणे भारतात येऊन येथेच हुतात्मा झालेला. दोन्ही वारसे त्या एका चकतीवर भांडण न करता नांदतात. जे जीवनात जुळवणे कठीण, ते संग्रहात शेजारी शेजारी मांडता येते. संग्राहकाला मिळणारे समाधान केवळ मालकीचे नसते. विस्कटलेल्या जगात आपल्या हातांनी लावलेल्या क्रमाचेही ते असते.

पोर्तुगीज अमलात, म्हणजे १५३४ ते १७३९ या काळात, वसईलाही टाकसाळ होती. त्या काळच्या सोन्या-चांदीच्या नाण्यांचे कौतुक सर्वांनाच असते. पण मला अधिक मोलाचे वाटते ते 'बझारुक' हे हलक्या धातूचे क्षुद्र नाणे. त्या काळातील दप्तरे राज्यकर्त्यांनी, धर्मसंघांनी आणि जमीनदारांनी लिहिली. ती लिस्बनला किंवा गोव्याला आहेत. त्यांत आपल्या पूर्वजांची नावे आढळली तर बहुधा कर भरणारे म्हणून. भाजी विकणारी, मासळीची टोपली घेऊन बसणारी, केळीचे घड वाहणारी, ताडी काढणारी माणसे काही लिहून ठेवून गेली नाहीत. त्यांच्या हातून गेलेली वस्तू म्हणजे ते झिजलेले बझारुक. ते झिजवले कोणी, तर त्यांच्याच बोटांनी. सोन्याचे नाणे खजिन्यात निजले. हलके नाणे लोकांत फिरले. म्हणूनच ते फारसे उरले नाही आणि म्हणूनच ते उरले पाहिजे.

तिसरे नाव येशूसंघीय फादर हेन्री हेरास यांचे. बार्सिलोना येथे १८८८ मध्ये जन्मलेले फादर १९२२ साली मुंबईस आले आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहास शिकवू लागले. १९२६ मध्ये त्यांनी भारतीय इतिहास संशोधन संस्था स्थापन केली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिच्या संग्रहालयात शिल्पे, मुद्रा, मृत्पात्रे, हस्तिदंती मूर्ती, जुने नकाशे आणि नाणी आहेत. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या संन्यस्त माणसाने संग्रह करावा, यात विरोध वाटण्याचा संभव आहे. परंतु त्या व्रतानेच त्यांचा संग्रह शुद्ध ठेवला. त्यातले काहीच त्यांचे नव्हते. विद्यार्थ्याने वस्तू पाहावी आणि तिला प्रश्न विचारण्यास शिकावे, यासाठी तो होता. १९५५ मध्ये फादर वारले आणि १९८१ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. संस्था मात्र त्यांच्या पश्चातही विद्यार्थ्यांसाठी खुली राहिली.

या तिघांच्या उदाहरणांवरून संग्राहक म्हणजे साधुपुरुष असा समज कोणी करून घेऊ नये. या छंदाच्या वाटेवर लोभाची खोल दरी आहे. दुर्मीळ नाणे आपल्याकडेच असावे, दुसऱ्याकडे नसावे, ही ईर्ष्या माणसाला ग्रासते. मागणी वाढली की बनावट नाणी निघतात, चोरून खणणे सुरू होते आणि विकणारा नाणे कोठे मिळाले ते मुद्दामच सांगत नाही. ठिकाण हरवलेले नाणे म्हणजे ग्रंथातून फाडलेले, क्रमांक नसलेले पान. त्यावरचे शब्द वाचता येतात. पण ते कोणत्या कथेतले, हे कळत नाही. याउलट १९५६ मध्ये आपल्या भुईगावात अशोकाच्या नवव्या शिलाशासनाचा तुकडा मिळाला, तो कोठे मिळाला याची नोंद झाली, म्हणूनच सोपाऱ्याच्या इतिहासात त्याला जागा मिळाली.

आज वसई-विरारमध्ये वाड्या जाऊन इमारती उभ्या राहत आहेत. पाया खणताना, विहीर बुजवताना, जुने घर पाडताना जमिनीतून काय वर येते आणि कोठे जाते, याकडे लक्ष द्यायला कोणाला सवड नाही. जुन्या घराबरोबर पेटाराही मोडीत निघतो. कायदा याबाबत गप्प नाही. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जमिनीत पुरलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे आणि सरकारने ते घेतल्यास मोबदल्याचीही तरतूद आहे. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर नेण्यास आळा घातला आहे. अभ्यासाच्या सोयीही निर्माण झाल्या. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० साली डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकाराने नाणकशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली. रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये मुंबईच्या फोर्ट भागात नाण्यांचे संग्रहालय उघडले. तरीही आपल्या घरातील नाण्याविषयी बोलावयाचे तर पहिला शब्द आपणच उच्चारला पाहिजे.

प्रभू येशूला कर देण्याविषयी पेच घातला गेला, तेव्हा त्याने नाणे मागवून घेतले आणि त्यावरील मुद्रा व लेख कोणाचा, असे विचारले. नाणकशास्त्राचा अभ्यासक नाणे हाती घेतल्यावर प्रथम हाच प्रश्न विचारतो. पण प्रभू तेथे थांबला नाही. ज्याचे त्याला द्यावे, हा त्याचा पुढचा बोध होता. साठवणारा पहिला प्रश्नही विचारत नाही. सामान्य संग्राहक पहिला प्रश्न विचारून थांबतो. खरा संग्राहक मात्र दुसऱ्यापर्यंत जातो : हे माझ्या हाती आले खरे, पण हे आहे कोणाचे? पंडितजींनी आपली नाणी अभ्यासकांना दिली, द कुन्हा यांनी आपली सूची वाचकांना दिली, फादर हेरास यांनी विद्यार्थ्यांना संग्रहच देऊन टाकला. नाणे थांबवण्याचा अधिकार माणसाला मिळतो, तो ते पुढच्या पिढीच्या हाती देण्याच्या बोलीवरच.

आपल्यापैकी प्रत्येकाने संग्रहालय उभारावे असे कोणी म्हणणार नाही. पण फडक्यातील त्या पाच-सात नाण्यांबरोबर एक चिठ्ठी ठेवणे कोणालाही अवघड नाही. हे नाणे कोणाचे होते, कोणत्या वाडीत, कोणत्या साली आणि काय खणताना मिळाले, एवढ्या चार ओळी पुरेत. नाण्याला घासून-पुसून चकाकी आणू नये; त्याची झीज हाच त्याचा इतिहास आहे. आणि घरातील मुलाने ते हाती घेऊन विचारले, तर 'असू दे' म्हणून विषय संपवू नये. त्याला जवळ बसवून, त्यावर काय दिसते ते आधी त्यालाच विचारावे.